हॉरर शॉर्टफिल्मची पहिली ३ मिनिटं: कॅमेरा आणि आवाज कुठल्या क्रमाने करायचे

पुण्यात कुठल्याही शॉर्टफिल्म स्क्रीनिंगला जा, दोन तरी हॉरर असतातच आणि दोन्हींची सुरुवात सेम. अंधारा जिना, मोबाईलचा टॉर्च, पहिल्या सेकंदापासून घूंऽऽ करणारं म्युझिक आणि मिनिटभरात धडाम. लोक दचकतात, मग हसतात, मग खिशातून फोन काढतात. बनवणाऱ्यांनी मेहनत घेतलेली असते हो, पण क्रम उलटा असतो. आधी शूट, मग एडिट, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ‘हॉरर बॅकग्राउंड म्युझिक’ सर्च करून जे सापडेल ते खाली चिकटवायचं.

दचकणं वेगळं आणि ताण वेगळा. दचकवायला फक्त अचानक मोठा आवाज लागतो, ते काम कुकरची शिट्टीपण करते. ताण म्हणजे प्रेक्षकाला कळलंय की काहीतरी येणारे, कधी आणि कुठून ते कळत नाहीये, आणि तरी तो वाट बघत बसलाय. ही वाट बघायला लावायचं निम्म्याहून जास्त काम आवाज करतो, म्हणून आवाज आधी ठरवायचा आणि कॅमेरा नंतर. खालचे सगळे टप्पे याच क्रमाने करा, मधला एखादा वगळलात तर पुढचे दोन बोंबलतात.

उदाहरण एकच घेऊ म्हणजे गोंधळ नको. नारायण पेठेतला जुना वाडा, वरच्या मजल्यावर एक मुलगी पेइंग गेस्ट म्हणून राहते, तिला सायली म्हणू. मालकीणबाई गावाला गेल्यात. माजघरात कड्यांचा झोपाळा आहे. रात्रीचे साडेअकरा.

टप्पा १: नियम एका ओळीत लिहा

स्क्रिप्ट लिहिली असेल तरी हे वेगळं लिहा. सुरुवातीच्या ३ मिनिटांत तुम्ही प्रेक्षकाला एक नियम शिकवता आणि मग तो मोडता, एवढंच करायचंय. आपला नियम: झोपाळ्यावर कोणी बसलं तरच तो कुरकुरतो.

त्याखाली अजून दोन ओळी. नियम कसा शिकवणार: सायली झोपाळ्यावर बसून फोनवर आईशी बोलते, कुरकुर चालू, ती उठते, झोपाळा हळूहळू थांबतो, कुरकुर बंद. कसा मोडणार: ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाते आणि बाहेरून कुरकुर परत सुरू होते.

शिकवायला मोडण्यापेक्षा जास्त वेळ द्या. सव्वा-दीड मिनिट नुसतं नॉर्मल चालू द्या. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, ‘लोक बोअर होतील’ म्हणून विसाव्या सेकंदाला बाहुली पडते. अरे पण नॉर्मल काय ते कळलंच नाही तर बिघडलं काय ते कसं कळणार?

*सावधान:* नियम एकच. झोपाळा पण, आरसा पण, नळ पण असं केलंत तर प्रेक्षक कशाकडेच नीट लक्ष देत नाही.

टप्पा २: आवाजाची यादी, शॉटलिस्टच्या आधी

कागदावर चार रकाने आखा. कुठला आवाज, कुठून येतो, कोणाला ऐकू येतो (सायलीला की फक्त प्रेक्षकाला), आणि कधी थांबतो. चौथा रकाना लोक रिकामा ठेवतात आणि खरी गंमत तिथेच आहे. कारण चालू असलेला आवाज थोड्या वेळाने कान सोडून देतात, पण तो बंद झाला की डोकं लगेच जागं होतं.

आपल्या वाड्याची यादी अशी: छताचा पंखा, जुना फ्रिज, शेजारच्यांचा टीव्ही (शब्द कळणार नाहीत इतपत), लांबून एखादी रिक्षा, कुठेतरी टिटवी, आणि झोपाळा. आता क्रम लावा. पन्नासाव्या सेकंदाला शेजारचा टीव्ही बंद. सव्वा मिनिटाला सायली उठते, झोपाळा थांबतो. मग फ्रिजचा कॉम्प्रेसर धडधडून बंद. बघा, अजून काहीही ‘भुताचं’ झालेलं नाही, पण घर एकेक करून गप्प होत चाललंय आणि प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकलाय.

आता झोपाळ्याबद्दल जरा सविस्तर, कारण हे जवळजवळ सगळे चुकतात. झोपाळा हा लंबक आहे. छतापासून पाटापर्यंत २ मीटर लांबी असेल तर एक पूर्ण हेलकावा साधारण २.८ सेकंदांचा, म्हणजे दर १.४ सेकंदाला एक कुरकुर. झोपाळा थांबत येतो तेव्हा ही वेळ बदलत नाही, फक्त हेलकावा लहान होतो आणि आवाज बारीक होतो. एडिटमध्ये मात्र लोक ‘थांबतोय’ दाखवायला दोन कुरकुरींमधलं अंतर वाढवत नेतात आणि ते कानाला खोटं लागतं, का ते सांगता येत नाही पण लागतं.

याचाच फायदा घ्या. पहिल्या वेळी थांबताना अंतर तेच ठेवा, व्हॉल्यूम उतरवा. दुसऱ्या वेळी, म्हणजे सायली आत असताना, अंतर किंचित वेडंवाकडं करा, एक कुरकुर जरा लवकर, पुढची जरा उशिरा. मोकळा झोपाळा असा हलत नाही, कोणीतरी पाय टेकवून हलवतंय तेव्हाच असा हलतो. प्रेक्षकाला पदार्थविज्ञान आठवायची गरज नाही, त्याच्या कानांनी लहानपणापासून झोपाळे ऐकलेत.

*तपासा:* यादी मोठ्याने वाचून तोंडाने आवाज काढत मित्राला ऐकवा. हसू येईल, येऊ दे. पण नियम कुठे मोडला हे त्याला नुसत्या ऐकण्यावरून कळलं पाहिजे.

टप्पा ३: लोकेशन कानाने बघा

रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, सगळे दुपारी जातात आणि फोटो काढून येतात. ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला जा, रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन, आणि १० मिनिटं गप्प बसून ऐका. पुण्यात आवाजाचं वेळापत्रक असतं:

- गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस असते, आणि तो ढोल पेठांमध्ये भिंतीतून आत येतो. तो एडिटमध्ये काढता येत नाही, विसरा.
- बिल्डिंगची पाण्याची मोटर. गुरुवारी पाणी बंद असेल तर शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, मग मोटर भलत्याच वेळी लागते. वॉचमनला आधी विचारून ठेवा.
- लोहगावच्या बाजूला शूट असेल तर विमानं.
- पावसाळ्यात पत्र्याचं छत. सर आली की संवाद गेले.

टेकडीवर शूट करायचं असेल तर बऱ्याचदा वनखात्याची हद्द असते, परवानगी आधी काढा, आणि ‘रात्री कोण बघतंय’ या भरवशावर तर अजिबात जाऊ नका. पेठेत शूट असेल तर आजूबाजूच्या चार घरांत स्वतः जाऊन सांगून या. रात्री किंकाळी ऐकून कोणी पोलिसांना फोन केला तर त्यांचं काही चुकलं नाही. किंकाळी तशीही लोकेशनवर रेकॉर्ड करू नका, दिवसा बंद खोलीत करा.

*सावधान:* जुन्या वाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्या आणि तुळई आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. कॅमेरामन झोपाळ्यावर बसून शॉट घ्यायची हौस करतो, ती करू देऊ नका.

टप्पा ४: आता शॉटलिस्ट, आणि ती छोटी

३ मिनिटांना ८ ते १० शॉट पुरतात. प्रत्येक कटला प्रेक्षकाला नवीन माहिती मिळते आणि माहिती मिळाली की ताण जरा सुटतो. ताण सोडायचा नसेल तर कट करू नका.

सगळ्यात महत्त्वाचा शॉट: कॅमेरा जमिनीपासून दीड फुटावर, ट्रायपॉडवर, हालचाल शून्य. फ्रेममध्ये झोपाळ्याचा पाट, सायलीचे हेलकावणारे पाय, मागे स्वयंपाकघराचं दार. पहिल्यांदा ती बसलेली असताना हा शॉट. शेवटाकडे हीच फ्रेम परत, अगदी इंचाइंचाने तीच, पण पाट रिकामा. प्रेक्षकाने ही फ्रेम पाठ केलेली असते त्यामुळे फरक तो स्वतः शोधतो, तुम्हाला दाखवावा लागत नाही.

सायली स्वयंपाकघरात असतानाच्या शॉटमध्ये तिला फ्रेमच्या एका बाजूला ढकला आणि उरलेली दोन तृतीयांश फ्रेम अंधाऱ्या दाराला द्या. दारात काहीही ठेवायचं नाही. नवखा दिग्दर्शक तिथे सावली सरकवतोच, मोह आवरत नाही. रिकामं दार १२ सेकंद धरलं की प्रेक्षक तिथे स्वतःची सावली ठेवतो, आणि ती तुमच्या बजेटमधल्या सावलीपेक्षा चांगली असते. १९७५च्या ‘जॉज’मध्ये सुरुवातीच्या हल्ल्यात शार्क एकदाही दिसत नाही, आणि तरी लोक पाण्यात जायला घाबरले.

ती कुरकुर ऐकून वळते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थांबा. ती काय बघतेय त्याचा शॉट लगेच लावू नका.

पीओव्ही, म्हणजे कॅमेरा म्हणजेच कोणाचे तरी डोळे, हा प्रकार सगळ्यांना फार आवडतो. वापरायचा तर त्याची जबाबदारी घ्या. १९७८च्या ‘हॅलोवीन’ची सुरुवात अशी आहे, मुखवटा चढल्यावर श्वासाचा आवाज येतो, आणि शेवटी मुखवटा निघतो तेव्हा कळतं की आपण एका लहान मुलाच्या डोळ्यांतून बघत होतो. तिथे हिशेब पूर्ण होतो. तुमच्या फिल्ममध्ये खिडकीतून कोणीतरी बघतंय असा शॉट आहे आणि तो कोण ते पुढे कधीच येत नाही, तर तो शॉट काढून टाका.

टप्पा ५: सेटिंग (हे पटकन)

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. असं केलं की ट्यूबलाइट आणि एलईडीचा फ्लिकर बहुतेक वेळा येत नाही. स्वस्त एलईडी बल्ब डिमरवर लावला तर तरीही येऊ शकतो, त्यामुळे तपकीर गल्लीतून बल्ब आणाल तर दुकानातच फोनचा कॅमेरा धरून बघा.

अंधार शूट करू नका, अंधार ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटनंतर रंग-उजेड ठरवताना करा. एक्सपोजर चेहऱ्यावर नीट ठेवा, बॅकग्राउंडला थोडी डिटेल राहू द्या, नंतर उतरवा. अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) चढवून घेतलेल्या शॉटमध्ये काळ्या भागात नुसते दाणे वळवळतात, आणि आपल्याला प्रेक्षकाने त्याच काळ्या भागाकडे टक लावून बघायला हवंय.

प्रकाश फ्रेममधल्याच वस्तूंमधून येतोय असं वाटू द्या, देवघरातला छोटा दिवा, फ्रिज उघडल्यावरचा उजेड. फोनवर शूट करत असाल तर एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. रिकाम्या दारावर १२ सेकंदांचा शॉट चालू असताना फोनने मध्येच फोकस शोधला की संपलं.

टप्पा ६: शूटच्या दिवशीचा क्रम

१. आधी झोपाळ्याची ती फ्रेम. ट्रायपॉडच्या पायांना जमिनीवर टेप लावा, लेन्सला हात लावू नका. पायांचा शॉट झाला की लगेच पाठोपाठ रिकाम्या पाटाचा शॉट. गोष्टीत मध्ये दोन मिनिटं आहेत म्हणून शूटमध्येही मध्ये इतर शॉट घ्यायचे असं नसतं. नंतर ‘साधारण तिथेच’ लावलेला कॅमेरा साधारणच दिसतो.

२. मग बाकीचे स्थिर शॉट. प्रत्येक शॉट गरजेपेक्षा १० सेकंद जास्त चालू ठेवा. अ‍ॅक्टरने अ‍ॅक्शन संपवल्यावर कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हे तिला आधीच सांगा.

३. हलणारा एकच शॉट: सायलीच्या चेहऱ्याकडे हळू जाणारा कॅमेरा. २० सेकंदांत ६० सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला ३. कॅमेरा हलतोय हे कळायला नको, पण शॉट संपताना ती जवळ आलेली असली पाहिजे. स्लायडर, म्हणजे कॅमेरा सरकवायची पट्टी, नसेल तर भाड्याने आणा, हाताने जमत नाही. झूम करून हेच होईल असं समजू नका. झूममध्ये सगळं चित्र एकसारखं मोठं होतं, पण कॅमेरा पुढे सरकला की दाराची चौकट कडेने मागे जाते आणि आपण खरंच आत चाललोय असं वाटतं.

४. अ‍ॅक्टरला सोडल्यावर फक्त आवाज. हा भाग ‘उशीर झाला रे’ म्हणून उडवला जातो, म्हणून कॉलशीटमध्ये (दिवसाच्या वेळापत्रकात) त्याला वेगळा एक तास लिहूनच टाका.

या तासात पंखा-फ्रिज बंद करून झोपाळा चार ठिकाणांहून रेकॉर्ड करा: कडीपाशी अगदी जवळून, माजघराच्या कोपऱ्यातून, स्वयंपाकघरातून दार उघडं ठेवून, आणि स्वयंपाकघरातून दार लोटून. लांबचा आवाज म्हणजे जवळच्याचा व्हॉल्यूम कमी केलेला नव्हे. लांबून तीक्ष्ण भाग कमी येतो आणि भिंतींवरून परतलेला भाग जास्त येतो, हे खऱ्या खोलीत फुकटात मिळतं, नंतर प्लगइनने करत बसलात तर रात्र जाते. त्यानंतर पंखा वेगळा, फ्रिज वेगळा. आणि प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे गप्प खोलीचा स्वतःचा बारीक आवाज: सगळे गप्प, चपला न वाजवता, किमान १ मिनिट.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १२ डेसिबलच्या आसपास. ऑटो गेन बंद. तो चालू असला की शांततेत मशीन स्वतःहून आवाज चढवतं आणि तुमची शांतता सूंऽऽ करायला लागते.

*तपासा:* लोकेशन सोडायच्या आधी सगळ्या फाइल हेडफोनवर थोड्या थोड्या ऐका. वाड्याची किल्ली परत दिली की दिली.

टप्पा ७: एडिट, आधी डोळे मिटून

टाइमलाइनवर चित्र टाकायच्या आधी फक्त आवाजाची ३ मिनिटं लावा, टप्पा २ च्या यादीप्रमाणे. स्क्रीन बंद करून ऐका. ताण जाणवत नसेल तर चित्र लावून तो येणार नाहीये, यादीत परत जा.

मग चित्र. कुरकुर दुसऱ्यांदा सुरू होते ती सायली ग्लास भरत असताना, तिच्याच शॉटवर, आणि तिला ती लगेच ऐकू येत नाही कारण नळ चालू आहे. आपल्याला मात्र येते, अगदी बारीक. ती नळ बंद करते आणि कुरकुर उघडी पडते. या चार-पाच सेकंदांत प्रेक्षकाला तिच्यापेक्षा जास्त माहिती असते आणि तो मनात ओरडतोय, अगं ऐक. मला विचाराल तर सगळ्या ओपनिंगमधली सगळ्यात महागडी जागा ही, आणि खर्च किती, तर एक नळ.

रिकाम्या पाटाच्या शॉटवर कुरकुर चालू ठेवायची की बंद? बंद. कट झाल्या क्षणी आवाज थांबतो, पाट स्थिर. तिने बघितलं तेव्हा तो हलत नाहीये, म्हणजे आता ते जे काही आहे त्याला कळलंय की ती बघतेय.

टप्पा ८: थर चढवा, आणि कमी चढवा

खालपासून वर: रूम टोन, मग पंखा-फ्रिज, मग झोपाळा आणि पावलं, आणि सगळ्यात शेवटी, लागलंच तर, खर्जातला एक लांब स्वर. हा स्वर पहिल्या सेकंदाला सुरू करू नका. टीव्ही बंद होतो तिथून ३० सेकंदांत इतका हळू वर आणा की आला कधी ते कळू नये, आणि नळ बंद होतो तिथे तो पण एकदम कापा. सगळ्यात जास्त भीती त्या कापण्यात आहे.

हा खर्ज ४० हर्ट्झवर ठेवलात तर फोनच्या स्पीकरवर तो अस्तित्वातच नसतो, छोटे स्पीकर इतकं खाली वाजवत नाहीत. त्याच्यासोबत १६० ते ३२० हर्ट्झच्या पट्ट्यात त्याचाच वरचा थर बारीक मिसळा.

*सावधान:* शांतता म्हणजे ट्रॅक रिकामा नाही. पूर्ण शून्य आलं की लोकांना वाटतं स्पीकर गेला. तिथे रूम टोन हवाच.

आणि तो धडाम? या ओपनिंगला लागत नाही. टाकायचाच असेल तर आधीचं सगळं हळू ठेवा, म्हणजे नुसता ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाजपण पुरतो.

टप्पा ९: मिक्स आणि टेस्ट

यूट्यूब मोठ्या आवाजाच्या फाइल साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली आणतं, पण हळू फाइल स्वतःहून वर नेत नाही. त्यामुळे अख्खी फिल्म कंप्रेसरने (हळू-मोठ्यातलं अंतर कमी करणाऱ्या टूलने) दाबून मोठी करण्यात काही मिळत नाही, उलट हळू आणि मोठ्यातला फरक मरतो, आणि तोच तर आपला माल आहे. पीक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

तीन ठिकाणी ऐका: इअरफोन, फोनचा स्पीकर, आणि कोणाच्या तरी हॉलमधला टीव्ही, पंखा चालू ठेवून. पंख्याखाली दुसरी कुरकुर ऐकूच येत नसेल तर ती थोडी वर घ्या.

मग ज्याला गोष्ट माहीत नाही अशा माणसाला दाखवा. स्क्रीनकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. रिकाम्या दाराच्या शॉटवर त्याची नजर दारावर आहे का? संपल्यावर ‘कसं वाटलं’ विचारू नका, मित्र आहे, छानच म्हणणार. त्याला बोलू द्या. ‘झोपाळा कोण हलवत होतं’ असं त्याने विचारलं तर जमलंय. ‘तो कसला आवाज होता’ असं विचारलं तर नियम शिकवण्यात गडबड आहे, पहिल्या दीड मिनिटात झोपाळा अजून स्पष्ट दाखवा आणि ऐकवा.

हॉलमध्ये स्क्रीनिंग असेल तर त्याची कॉपी वेगळी काढा. एसीच्या घरघरीत तुमचा बारीक रूम टोन गायब होतो, म्हणून त्या कॉपीत रूम टोन आणि दुसरी कुरकुर २-३ डेसिबल वर ठेवा. लोक यायच्या आधी प्रोजेक्टरवाल्याकडे जा, फिल्ममधली सगळ्यात हळू जागा वाजवायला सांगा, शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका, आणि त्याप्रमाणे व्हॉल्यूम लावून घ्या. आधीच्या फिल्मनंतर तो व्हॉल्यूम बदलला जाऊ शकतो, त्यामुळे टीममधला एक जण तिथेच त्याच्या बाजूला उभा करा.